मीटर वर आलं

डेअरीवाल्याला अख्खी गल्ली मीटरसाहेब म्हणायची. दूध तपासायची काचेची नळी, म्हणजेच त्यांचं मीटर, त्यांच्या खिशात पेनाच्या जागी खोचलेली असायची. कॅन आला की नळी आत. वर तरंगली तर दूध घट्ट. खाली बुडाली तर पाणी, आणि दूधवाला चालता हो! ह्याच नळीवर त्यांनी मागे सख्ख्या मेव्हण्याला कॅनसकट पायरी उतरायला लावली होती. तेव्हापासून बायको त्यांच्याशी फक्त भांडी आपटून बोलायची.

आता असा माणूस जावई कसा पारखणार? लेकीनं स्वतःच पसंत केलेला, सोड्याच्या बाटल्या भरायचा धंदा करणारा पोरगा आज होकार मागायला आला होता. बाबांनी मान हलवली तरच लग्न, असं लेकीनं आधीच कबूल करून ठेवलेलं. मीटरसाहेबांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं. बूट फारच चकचकीत. काहीतरी लपवतोय. आणि वर हसतोय. म्हणजे नक्कीच लपवतोय.

बायकोनं थंडगार दुधाचा उंच ग्लास पुढे केला. पोरानं निम्मा संपवला, पिशवीतून बाटली काढली, "हरकत नाही ना, काका?" म्हणाला आणि फस्सकन सोडा ओतला. फेस ग्लासातून टेबलावर आणि टेबलावरून मीटरसाहेबांच्या इस्त्रीच्या पँटवर उतरला.

मीटरसाहेब गारच पडले. चोरून पाणी घालणारे त्यांनी ढिगानं पकडले होते. पण घरात येऊन, डोळ्यांदेखत, परवानगी मागून भेसळ करणारा पहिलाच!

"हे काय?"

"दूध-सोडा. आमच्या घरी सगळे असंच पितात."

सगळे? म्हणजे टोळीच आहे की! "का? माझं दूध आंबलंय, चव लपवतोयस?"

"छे हो काका! पोटाला हलकं पडतं. घोटभर घेऊन तर बघा."

आज घोटभर, उद्या डेअरीच्या किल्ल्या. मीटरसाहेबांनी बाटली हुंगली. कसलाच वास नाही. हे तर जास्तच वाईट. त्यांनी खिशातली नळी उपसली.

"निम्मं पाणीच आहे ह्यात. नळी तळाला गेली की तू दाराबाहेर."

"बाबा, अहो पाहुण्याच्या ग्लासात काय...!"

"मीटर कुणाची भीड ठेवत नाही."

नळी सर्रकन खाली गेली. लेकीनं डोळे मिटले. तेवढ्यात, जेवणाची पंगत दिसल्यावर वऱ्हाडी धावावेत तसे बुडबुडे नळीभोवती गोळा झाले, तिला चिकटले आणि बघता बघता तिला उचलून वर घेऊन आले. शुद्ध दुधाची खूण मागे टाकून नळी मजेत डुलायला लागली.

नळीच्या मते गल्लीतलं सगळ्यात घट्ट दूध हेच होतं.

"काका, तिला बुडबुडे चिकट..." पोरगा प्रामाणिकपणे सांगायला गेला. लेकीनं त्याच्या चकचकीत बुटावर पाय दिला.

आणि इतक्या दिवसांनी बायकोला तोंड फुटलं. "अहो, मीटर बिघडलंय का? तसं असेल तर आत्ताच सांगा. माझ्या भावाची माफी मागायला जायचंय ना मग!"

मीटरसाहेबांना दरदरून घाम फुटला. मेव्हणा कसा हसेल ते त्यांना आत्ताच ऐकू यायला लागलं. आणि तो एकटाच कुठे? हाकललेल्या दूधवाल्यांची रांगच लागली असती.

"मीटर खोटं बोलत नाही," ते पुटपुटले.

"मग?"

"मग काय... पोरगा घट्ट आहे. करा लग्न."

दुसऱ्या दिवशी मीटरसाहेब नळी घालायच्या आधी प्रत्येक कॅनला कान लावत होते.

"काय ऐकताय, साहेब?" एका दूधवाल्यानं विचारलं.

"गप रे! फसफसतंय का बघतोय."

कान लावता लावता त्यांची नजर रांगेच्या शेवटी गेली. तिथे मेव्हणा उभा होता. एका हातात कॅन होता आणि दुसऱ्या हातातल्या पिशवीत सोड्याच्या बाटल्या किणकिणत होत्या.