मागच्या फाटकावरची हवालदारीण

"आधी माझी बघ," गार्डबाई म्हणाली आणि तिने आपली पिशवी स्टुलावर उघडून धरली.

समोरची पोरगी त्याच दिवशी कामाला लागली होती, सातव्या मजल्यावर स्वयंपाकाला. ती गोंधळली. "तुमची मी कशाला बघू, मावशी?"

"मग तुझी मी कशाला बघायची?"

पोरीने वाकून पाहिलं. रिकामा डबा, चष्मा, गोळ्यांची पट्टी, घराची किल्ली. मग तिने स्वतःची पिशवी पुढे केली. मागच्या बायका हसल्या. त्यांना हे पाठ झालं होतं.

इमारतीला दोन फाटकं होती. पुढचं काचेचं, राहणाऱ्यांसाठी. मागचं लोखंडी, कचऱ्याच्या पेट्यांशेजारचं, कामाला येणाऱ्यांसाठी. लिफ्टही दोन. कामवाल्या बायकांच्या पिशव्या घरी जाताना तपासायच्या असा सोसायटीचा ठराव झाला, आणि पुरुष गार्डने बायकांच्या सामानाला हात लावणं बरं दिसत नाही म्हणून हिला नेमलं. नवऱ्याचा उजवा हात लुळा पडल्यापासून अकरा महिने ती काम शोधत होती. गणवेश मिळाला तेव्हा तिने तो तीनदा इस्त्री केला होता. पण पहिल्याच दुपारी आपल्याच गल्लीतल्या बाईच्या पिशवीत हात घालताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून तिने हा शिरस्ता पाडला. नऊ बायका, तर रोज नऊ वेळा स्वतःची झडती. बायकांनी तिचं नाव हवालदारीण ठेवलं. सेक्रेटरीसाहेबांनी एकदा हटकलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वेळ काही जास्त जात नाही, साहेब." आणि ते खरंच होतं.

स्वयंपाकाच्या पोरीला सहा महिने झाले असतील. एका बुधवारी दुपारी अडीचला बायका रांगेत उभ्या होत्या, तेवढ्यात सेक्रेटरीसाहेब आले. मागोमाग सातव्या मजल्यावरच्या मॅडम. सात वर्षं त्या इथे राहत होत्या, पण मागचं फाटक आज पहिल्यांदा पाहत होत्या. कचऱ्याच्या पेट्यांपाशी कुठून पाय टाकावा, तेही त्यांना कळेना.

"मॅडमची हिऱ्याची अंगठी गेलीय," साहेब म्हणाले. "आज नुसत्या पिशव्या नकोत. पंपाच्या खोलीत एकेकीला घ्या आणि नीट बघा. कपडे उतरवून."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. म्हणजे एकीवरच संशय घेतला असं कुणाला वाटायला नको."

पोरीचा चेहरा पांढरा पडला. सातव्या मजल्यावर तीच तर जात होती.

गार्डबाईला अकरा महिने आठवले. घरी डाव्या हाताने घास घेणारा नवरा आठवला. तिने एकदा पंपाच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, मग रांगेकडे.

"साहेब, सकाळी रजिस्टरवर सह्या घ्यायला मीपण सातव्यावर गेले होते. मग आधी माझी झडती घ्यायला पाहिजे."

"तुमची? तुम्ही स्टाफ आहात."

"ह्यापण कामावरच आल्यात." ती मॅडमकडे वळली. "मॅडम, बाईचीच झडती, तर बाईच पाहिजे. तुम्ही घ्या."

तिने टोपी काढली, पट्टा सोडला, बूट बाजूला ठेवले. टोपी स्टुलावरून घसरून खाली पडली. तिने ती उचलली नाही. शर्टाचं वरचं बटण काढून, दोन्ही हात पसरून ती मॅडमसमोर मोज्यांवर उभी राहिली. मोज्याच्या भोकातून अंगठा डोकावत होता.

मॅडमनी हात पुढे केले, पण ते अर्ध्यातच थांबले. घामाने भिजलेल्या शर्टापासून त्यांची बोटं वीतभर लांब होती. भिंतीपलीकडे पंप सुरू झाला.

"माझ्याच्याने नाही होणार हे," मॅडम हळूच म्हणाल्या.

"माझ्याच्यानेही नाही होणार, मॅडम."

तिचा आवाज चढला नव्हता. साहेब काहीतरी ड्यूटीबद्दल बोलू लागले, पण मॅडमनी मान हलवली, वाकून टोपी उचलली आणि तिच्या हातात दिली. मग दोघं निघून गेली. गार्डबाईने बूट घातले, पट्टा आवळला आणि पुढच्या बाईसमोर आपली पिशवी उघडली.

अंगठीचं पुढे काय झालं, ते मागच्या फाटकापर्यंत कधी आलंच नाही.

शुक्रवारी सुपरवायझरचा फोन आला. तो माणूस वाईट नव्हता. "सोमवारपासून शहराबाहेरच्या गोदामावर जा," तो म्हणाला. "तिथे माणसं नाहीत, नुसती खोकी आहेत. तुम्हाला बरं पडेल." तिने पत्ता लिहून घेतला.

शनिवारी तिने नेहमीसारख्या नऊ पिशव्या पाहिल्या. तिच्या बदलीचं सगळ्यांना कळलं होतं. या बायका झपाझप चालणाऱ्या, एका घरातून दुसऱ्या घरी पळणाऱ्या. एरवी फाटकाबाहेर पडल्या की क्षणात दिसेनाशा व्हायच्या. पण तीनला ड्यूटी संपवून ती बाहेर आली, तर सगळ्या भिंतीच्या सावलीला उभ्या.

"काय गं, गेला नाहीत अजून?"

"बसला गर्दी असते ह्या वेळेला," पोरगी म्हणाली.

त्यांच्यातली एकही बसने जात नव्हती. दिवसभर उभं राहून गार्डबाईचे गुडघे आखडले होते, त्यामुळे ती हळूहळू निघाली. तिच्या दोन्ही बाजूंनी नऊ बायका रस्ता अडवून, पाऊल आखडून, तिच्या चालीने चालत राहिल्या.