बक्कल नसलेला पट्टा

आमच्या सूनबाईचा हात घरात दुखायचा आणि बाहेर दुखायचा नाही. दोन महिने मी या एकाच गोष्टीभोवती घाण्याच्या बैलासारखी फिरत होते आणि माझ्या डोक्यात काही प्रकाश पडत नव्हता.

आधी सूनबाईचं सांगते. ती गिटार वाजवते. गाणाऱ्या पोरांच्या गळ्यात असते ती नाही, तिच्याहून लांब आणि जड, चारच तारांची. बास म्हणतात तिला. तारा बोरूएवढ्या जाड, आणि आवाज असा की कानाला कमी आणि पोटाला जास्त ऐकू येतो. चौघांच्या वाद्यवृंदात ती एकटीच बाई. लग्न ठरलं तेव्हा मी विचारलं होतं, हे वाजलं नाही तर कुणाला कळेल का? ती म्हणाली, वाजतं तेव्हा कुणाला कळत नाही, थांबलं की सगळ्यांना कळतं. मला उत्तर आवडलं होतं. मी तसं बोलून दाखवलं नाही, ती गोष्ट वेगळी.

तर या चौघांना एका मोठ्या हॉटेलने बोलावलं होतं. रोज संध्याकाळी वाजवायचं कायमचं काम. त्याआधी एका शनिवारी परीक्षा, तीन तास उभ्याने, हॉटेलच्या साहेबांसमोर. सूनबाई दहा वर्षं या असल्या कामाची वाट बघत होती. आणि नेमका तेव्हाच तिचा डावा हात संपावर गेला.

घरी दोन तास सराव केला की तिच्याने चहाची किटली उचलवायची नाही. अंगठ्याच्या मुळाशी कळ, बोटांना मुंग्या. पण सोमवारी आणि गुरुवारी ती बाकीच्या तिघांबरोबर वाजवायला जायची, तिथून तीन-तीन तासांनी यायची ती ठणठणीत. भाजीची पिशवी त्याच हातात. आता सांगा, दुखणं काय घरजावई आहे, उंबरठा ओलांडत नाही म्हणायला?

मी गार पाण्याला दोष दिला. भांडी घासणं बंद केलं तिचं. मग फोनला दोष दिला. मग उशीला. तेल चोळलं, गरम पाण्याची पिशवी दिली. कशाने काही नाही. शेवटी मला जे वाटायचं ते वाटलंच, की हे ढोंग आहे. घरकाम नको म्हणून हात घरात दुखतो. आणि माझ्या पोटात राहिलं असतं तर मी मी कसली. नणंदेला ऐकवलं, म्हणजे सूनबाईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ऐकवलं, की नाचता येईना अंगण वाकडं.

नणंद माझ्याकडेच असते. काजं-बटणं आणि हातशिलाई तिच्याकडे, मशीन आणि कात्री माझ्याकडे. पुढच्या खोलीत आमचं शिवणकामाचं दुकान आहे. माझी शाळा तिसरीत सुटली, पण टेपवरचे आकडे मला कुणी शिकवावे लागले नाहीत. माझ्या हातचा कपडा परत येत नाही. बायका दुसऱ्या शिंप्याकडून बिघडवून आणलेले कपडे माझ्याकडे दुरुस्तीला आणतात, आणि मी त्यांना ते का बिघडले ते चार माणसांत सांगते. नणंद एरवी फार बोलते. बाजारातली बातमी बाजाराच्या आधी तिला कळते, म्हणून आम्ही तिला तारमास्तरीण म्हणतो. पण अंगणाची म्हण ऐकून ती सुईत दोरा ओवत बसली. सुईत दोरा आधीच होता.

आता पट्ट्याचं. गिटार गळ्यात अडकवायला पट्टा लागतो. सूनबाईचा जुना पट्टा विटून गेला होता, म्हणून मी तिला नवा शिवून दिला. हौसेने दिला. जाड निळं कापड, आत अस्तर, दोन्ही कडांना दुहेरी शिलाई, टोकांना चामडं. लांबी कमी-जास्त करायचं बक्कल लावलं नाही. बक्कल म्हणजे शिंप्याने ठेवलेली पळवाट. ज्याला आपल्या मापाचा भरवसा नाही त्याने बक्कल लावावं. माप घ्यायच्या वेळी मला तिची वाजवायची ढब आवडली नव्हती. ते धूड छातीशी धरून उभी राहायची, रडतं पोर घेतल्यासारखी. वाद्यांच्या दुकानाच्या काचेवर एका वादकाचं मोठं चित्र होतं, त्याची गिटार कशी खाली, मांडीवर लोंबत होती. काय ऐट होती. मी ठरवलं, आपली सूनही अशीच दिसली पाहिजे. त्या अंदाजाने वीतभर कापड जास्त घेतलं.

तो पट्टा घातल्यावर ती मंचावर किती शोभून दिसत असेल, असं मीच सगळ्यांना सांगत होते. आणि घरी एकदा ती खुर्चीवर बसून वाजवताना दिसली तेव्हा मी विचारलं होतं, पट्टा काय खुंटीला टांगायला शिवलाय? तेव्हापासून ती घरी उभ्यानेच वाजवायची. तिची खोली माझ्या मशीनच्या अगदी समोर.

परीक्षेच्या आधीच्या मंगळवारी मी तो पट्टा इस्त्रीला घेतला. म्हटलं, साहेबांसमोर चुरगळलेला जायला नको. इस्त्री फिरवली आणि थांबले. मागच्या बाजूला, खांद्याच्या खाली, कापडावर एक आडवी घडी. तिच्यापासून वीतभर अंतरावर पिनेची भोकं. एक-दोन नाहीत, शेजारीशेजारी वीस-पंचवीस. कापड खोटं बोलत नाही. कुणीतरी हा पट्टा दुमडून पिन लावत होतं, काढत होतं, पुन्हा लावत होतं.

मला काही कळेना. माझ्या कामाला पिन? वैऱ्यानेसुद्धा कधी लावली नाही. मी नणंदेला भोकं दाखवली. ती म्हणाली कसर लागली असेल. कसर काय रांगेत जेवायला बसते? मुलाला विचारलं. आमचा मुलगा मुळातच कमी बोलतो, त्याला घरात मौनीच म्हणतात. त्याने पट्टा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि आंघोळीला निघून गेला. संध्याकाळचे सहा वाजले होते, सकाळी एकदा आंघोळ झाली होती.

सूनबाईला मात्र मी विचारलं नाही. का ते आजही सांगता येत नाही. एवढंच माहीत आहे की पट्टा जसा होता तसा घडी करून ठेवला.

बुधवारी तिला हाताच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं. येताना वाद्य घेऊन या, असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं. मीही निघाले. वरकरणी सोबत म्हणून, मनातून ढोंग पकडायला. पण पिनांची भोकं डोक्यातून जात नव्हती, त्यामुळे मी नक्की काय पकडायला चालले आहे तेच मला धड ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या, जर मला नात असती तर. त्यांनी सूनबाईला आधी खुर्चीवर बसवून वाजवायला सांगितलं. बोटं सरसर चालली, मनगट सरळ, चेहरा शांत. मी म्हटलं, आता पकडली. मग त्यांनी पट्टा घालून उभं राहायला सांगितलं. गिटार मांडीवर उतरली. चित्रातल्यासारखी. सूनबाई वाजवायला लागली आणि डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोरच तिच्या डाव्या मनगटाखाली हात धरला. मनगट मुडपून काटकोन झालं होतं, घराच्या कोपऱ्यासारखं. अंगठ्याच्या मुळाशी त्यांनी नुसतं बोट टेकवलं तर सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. हे ढोंग नव्हतं. एवढं ढोंग जमलं असतं तर तिला हॉटेलात कशाला, नाटकातच घेतलं असतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं वाकलेलं मनगट आणि वर इतक्या जाड तारा दाबायच्या, तेही तासन्‌तास, मग हात बिचारा काय करणार. बसल्यावर वाद्य जिथे असतं, उभं राहिल्यावरही ते तिथेच राहायला हवं. हा पट्टा फार लांब आहे. त्यांनी पट्ट्यावरून हात फिरवून बक्कल शोधलं. बक्कल असतं तर सापडलं असतं.

"कुणी शिवलाय हा?" त्यांनी विचारलं.

सूनबाईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "बाजारातून आणलाय," म्हणाली.

त्या म्हणाल्या, मग दुकानदाराला परत करा, शिलाई मात्र सुरेख आहे.

मी त्या शिलाईकडे बघत राहिले.  आधी संताप आला तो बाजार या शब्दाचा. माझं काम, आणि बाजारचं? मग हळूहळू लक्षात आलं की तिने मला झाकलं. आणि मग तर काहीच कळेनासं झालं. मला झाकायची वेळ कुणावर आली, कधी आली, आणि ती मला कशी दिसली नाही? डॉक्टरीणबाई पुढे व्यायाम सांगत होत्या, वीस मिनिटांनी थांबायचं, हात सैल सोडायचा, हे दोन महिन्यांचं दुखणं आहे, चार दिवसांत पळणार नाही. मी मान हलवत होते. ऐकत नव्हते.

परतताना आम्ही चालत निघालो. गिटार तिच्या पाठीवर. कोपऱ्यावर मी थांबले.

"पिन कुठे आहे?"

तिने पर्स उघडली आणि आतल्या कप्प्यातून मोठी सेफ्टी पिन काढून माझ्या हातावर ठेवली. माझ्याच डब्यातली.

"कधीपासून?"

"पहिल्या आठवड्यापासून. बाहेर जाताना लावते, घरी येताना जिन्यात काढते."

"मला सांगायचंस."

"सांगितलं होतं, आई. थोडा आखूड हवा होता म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, माझं माप चुकत नाही, तू उंच व्हायला शिक."

म्हटलं असेन. माझ्या तोंडची वाटते खरी. मला काही ते आठवत नव्हतं, आणि तिला शब्दन्‌शब्द पाठ. पिन डब्यातून कुणी दिली ते मी विचारलं नाही. डबा कुणाच्या मांडीवर असतो ते मला माहीत आहे. म्हणजे नणंदेला ठाऊक, मुलाला ठाऊक, जिन्यालासुद्धा ठाऊक. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते आखलं होतं मी.

रागवावं की काय करावं ते समजेना. एकदा वाटलं, हात मोडेपर्यंत गप्प बसणारी ही कसली पोर. लगेच वाटलं, हात परवडला पण सासूचं तोंड नको, असं जिला वाटतं तिची सासू कसली.  घरी आले आणि पट्टा आणि उसवणी घेऊन बसले. दुहेरी शिलाई उसवायला वेळ लागतो. नणंद म्हणाली, वहिनी, मी करू का? मी म्हटलं, तू सुईत दोरा ओव.

मग सूनबाईला पुढच्या खोलीत उभं केलं, भर दुकानात. म्हटलं, वाजव. माणसाचं माप मी चाळीस वर्षं सरळ उभं करून, हात खाली सोडून घेत आले. काम करताना माणूस तसा नसतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पट्टा टाचून धरला आणि विचारलं, कसं आहे?

"ठीक आहे," ती म्हणाली.

"ठीक हे माप नाही. बोटांत सांग."

तिने नणंदेकडे बघितलं, मग दारातल्या मुलाकडे.   गिटारीची एक तार तेवढी घूं करत राहिली.

"आई," ती म्हणाली, "अजून दोन बोटं वर."

मी दोन बोटं वर घेतली. मनगट सरळ झालं. तिचा श्वास सुटलेला मला टाचणी धरलेल्या हाताला जाणवला. मग जुन्या पिशवीचं बक्कल कापून काढलं आणि त्या पट्ट्याला लावलं. हातशिलाईने, दिसेल असं.

शनिवारी मी हॉटेलात मागच्या खुर्चीवर बसले होते. लोक गाणी ऐकत होते, मी तीन तास एक मनगट बघत होते. गिटार छातीशी होती, रडतं पोर घेतल्यासारखी, आणि ऐटबिट काही नव्हती. तिसऱ्या तासाला तिने दोनदा हात झटकला. पण थांबली नाही. साहेबांनी चौघांनाही घेतलं. सूनबाईने तिथल्या तिथे सांगून टाकलं की माझ्या हाताला महिनाभर एक दिवसाआड सुट्टी लागेल. साहेब जरा घुटमळले आणि हो म्हणाले. मी चकितच झाले. परक्या साहेबाला ही असं तोंडावर सांगू शकते.

रविवारी तिचा हात पुन्हा थोडा ठणकला. गरम पाण्याची पिशवी भरून दिली आणि इस्त्रीला बसले. मुलाची पँट घेतली. पाय उलटून बघितला तर आतून दोन बोटं दुमडून टाके घातलेले, बारीक, नणंदेच्या हातचे. दुसरी घेतली, तीही तशीच. कपाटातल्या सगळ्या काढल्या. तो शाळेत होता तेव्हापासून त्याच्या पँटी मी शिवते.

मी हाक मारली. तो आला आणि सरळ उभा राहिला, माप द्यायला उभा राहतो तसा.

"चालून दाखव," मी म्हटलं. "आणि पँट कशी होते ते सांग."

तो माझ्याकडे न बघता बायकोकडे बघायला लागला. ती दुखऱ्या हातावर पिशवी धरून बसली होती.

"सांग ना," ती म्हणाली. "बोटांत सांग."