पास्कोलच्या मापाची मेणबत्ती

कोरलईच्या बायकांचा नवसावर भारी भरवसा. होडी वाळूत रुतली, बोल नवस. म्हैस आटली, बोल नवस. पास्कोलची माय कातरीन तर त्यात सगळ्यांवर कडी करणारी. १९२३ साली तिच्या नवऱ्याला दर्यानं नेलं आणि त्याच वर्षी एकुलता एक पोरगा मामाबरोबर मुंबईला निघाला, आगबोटीच्या भटारखान्यात कामाला. कातरीननं चर्चमध्ये मरियामातेपुढं गुडघे टेकले आणि सांगून टाकलं, "पोर सुखरूप परत येऊ दे. येईल तेव्हा जेवढा उंच असेल तेवढी मेणबत्ती तो स्वतः मे महिन्याच्या मिरवणुकीत तुझ्यापुढं आणील."

नवस चांगलाच होता. घोटाळा झाला तो पुढं.

कातरीन पडली घाईची. पोरगा परत आल्यावर मेण गोळा करत बसायचं हे तिला पटेना. डोंगरातल्या कातकऱ्यांकडून तिनं मधाच्या पोळ्याचं मेण घेतलं आणि पोरगा निघाला तेव्हाच्या उंचीची मेणबत्ती घरात उभी करून ठेवली. पण पोर वाढणार, आणि वाढताना काही दिसणार नाही. मग माप घ्यायचं कुणाचं? रशीदचं, दुसऱ्या कुणाचं!

रशीद हा खाडीपलीकडं रेवदंड्याला राहणाऱ्या जुलेखाचा मुलगा. त्याचा बाप करमअली तर, म्हणजे माणसं या काठावरून त्या काठावर नेणारी होडी, चालवायचा, आणि पास्कोल-रशीद त्या तरीतच वाढले. एकाच पावसाळ्यात जन्मलेले, उंचीला इतके सारखे की पाठमोरे उभे राहिले तर आयासुद्धा फसायच्या. तेव्हा दर वर्षी मे महिन्यात कातरीन रशीदला दाराच्या चौकटीला उभं करायची. जुलेखा त्याच्या डोक्यावर तळवा आडवा धरून म्हणायची, "टाचा खाली ठेव रे, लबाड." मेणबत्तीची वात वर लांब सोडलेली असायची. तिच्याभोवती चिरलेल्या बांबूची नळी बांधून वरून पातळ मेण ओतायचं, की झाली मेणबत्ती रशीदएवढी. गाव हसायचं. "कातरीन, तुझ्या मेणबत्तीला मिसरूड कधी फुटणार गं?" कातरीन कुणाला भीक घालत नसे.

आणि १९३६ च्या मे महिन्यात पास्कोल खरंच आला. रेवदंड्याला आगबोटीतून उतरला आणि तरीकडं निघाला तेव्हा त्याची पावलं लहानपणीसारखी भराभर पडायला लागली. खाडीचा तोच खारट वास, समोर किल्ल्याचा तोच लांबट डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी चर्चचा पांढरा दर्शनी भाग. याच पाण्यात रशीदनं त्याला पोहायला शिकवलं होतं, म्हणजे ढकलून दिलं होतं. पण वल्ह्यावर दुसराच माणूस होता. "रशीद कुठाय?" पास्कोलनं विचारलं. तो माणूस पाण्याकडं बघत म्हणाला, "तुमच्या मायला इचारा."

मायचे डोळे गेले होते. तिनं पोराचं तोंड हातांनी चाचपलं, पोटभर रडून घेतलं आणि डोळे पुसायच्या आधीच त्याला ओढत कोपऱ्यात नेलं. तिथं वेताच्या काठीला बांधलेली मेणबत्ती उभी होती. एक हात त्याच्या डोक्यावर ठेवून तिनं तो सरळ पुढं नेला, तर मेणबत्ती अजून वर चाललेली. चांगली चार बोटं.

पास्कोल हसला. "एवढा वाढला तो उंट? आहे कुठं?"

कातरीननं मेणबत्तीवरचा हात काढून घेतला. "गेल्या दिवाळीनंतर मुरुडहून नारळ भरून शिडाचा पडाव घेऊन मुंबईला निघाला होता. वारा फिरला. पडाव मिळाला न्हाय, पोर मिळालं न्हाय."

बंदरांमागून बंदरं फिरताना पास्कोलनं रशीदला सांगायच्या कितीतरी गोष्टी साठवून ठेवल्या होत्या. आता त्या कुणाला सांगायच्या?

मिरवणूक दोन दिवसांवर आली होती. रीत अशी, की ज्याच्यासाठी नवस, त्यानं आधी कुमसार करायचा, म्हणजे पाद्रीपुढं बसून आपली पापं सांगायची, आणि मग अनवाणी मेणबत्ती न्यायची. पास्कोलची अडचण तिथंच होती. त्याचं देवाशी भांडण झालं नव्हतं. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. पण बांधलेली होडी गाठ सैल होऊन हळूहळू लांब जावी, तसा तो गेला होता. मोठमोठ्या बंदरांतली मोठमोठी चर्चं त्यानं बाहेरून पाहिली, आत पाऊल टाकलं नाही. प्रार्थनेची पहिली ओळ तेवढी आठवायची, पुढची नाही.

"माय, मी मेणबत्ती नेली तर ते खोटं होईल," तो म्हणाला. "आणि ती माझ्या मापाचीही नाही."

"मग नवस माझ्या अंगावर राहील. तो घेऊन मातीत जाऊ?"

त्याला वाईट वाटलं. निदान माप तरी नीट करावं म्हणून त्यानं सुरी काढली. पात्याचा आवाज ऐकताच कातरीननं त्याचा हात घट्ट धरला. "नवसाच्या मेणाला सुरी लावायची न्हाय. आणि ते वरचं आपलं न्हाय, बाळा. जुलेखा दर आठवड्याला येते, या मेणबत्तीच्या टोकावर हात ठेवून बसते. तिच्या पोराला कबरसुद्धा न्हाय. त्याच्या मापाचं जगात एवढंच उरलंय."

म्हणजे मेणबत्ती पेटवली तर एका आईच्या हातचं पोराचं माप जातं, नाही पेटवली तर दुसरीचा नवस फिटायचा राहतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सकाळी उठून पास्कोल तरीत बसला आणि रेवदंड्याला जुलेखाच्या दारात जाऊन उभा राहिला.

जुलेखा तांदूळ निवडत होती. त्याला पाहून तिच्या हातातलं सूप थांबलं. तिनं त्याला वर-खाली न्याहाळलं आणि म्हणाली, "लहानच राहिलास रे."

"खाला," तो म्हणाला, "मेणबत्ती तुमच्याकडं आणून देतो. मायला मी समजावीन."

"कशाला? उन्हाळ्यात वाकतेय ती. दर खेपेला सरळ करताना माझा जीव तुटतो." तिनं सूप बाजूला ठेवलं. "मी तुमच्या मरियमपुढं बत्ती लावणार नाही. पण माझा पोरगा तुझ्या नवसासाठी दर वर्षी उन्हातून येऊन चौकटीला उभा राहिला. कुरकुरायचा, पण उभा राहायचा. तू एकदा त्याच्यासाठी गुडघे टेक की. तुझ्या पाद्रीला सांगायचं ते सांग, आणि मेणबत्ती आहे तशी पेटव. वरची चार बोटं जळतील तेव्हा मी तिथं असेन."

पास्कोल तसाच परतला आणि घरी न जाता पाद्रीकडं गेला. आत काय बोलणं झालं ते त्याला, पाद्रीला आणि देवाला माहीत. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते आणि चपला पायांत नव्हत्या.

मिरवणुकीच्या संध्याकाळी चर्चच्या पायऱ्यांवर मेणबत्ती पेटली. बाहेरच्या दगडी गडग्यावर जुलेखा ओढणी डोक्यावर घेऊन बसली होती. पास्कोल तिच्यापुढं मेणबत्ती जमिनीवर टेकवून उभा राहिला आणि वाऱ्याला पाठ केली. मिरवणूक निघाली, पुढं गेली, गाणी वस्तीच्या वळणापलीकडं गेली. लोकांनी त्याला हाका मारल्या. कातरीन एका बाईचा हात धरून निघाली होती. ती म्हणाली, "हाका मारू नका त्याला. आधी रशीदचं देणं फिटू दे."

पास्कोल हलला नाही. मेण बोटांवर ओघळत होतं. प्रार्थनेची पहिली ओळ तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, रशीदसाठी. रशीदची ती लबाड टाच, पाण्यात ढकलून खिदळणारं तोंड, सगळं त्या ज्योतीत उभं राहिलं आणि म्हणता म्हणता दुसरी ओळ कुठून तरी तोंडात आली. मग तिसरी. तो ढसाढसा रडला आणि म्हणतच राहिला.

मिरवणूक गाव फिरून परत आली तेव्हा चर्चच्या दारापर्यंतच्या पायऱ्या तेवढ्या चढायच्या उरल्या होत्या. जुलेखा गडग्यावरून उतरली. तिनं पास्कोलच्या डोक्यावर तळवा आडवा ठेवला आणि तो सरळ पुढं नेला. हात ज्योतीच्या उबेला जाऊन थांबला.

"माझ्या पोराची चार बोटं संपली," ती म्हणाली. "आता तुझ्या मापाची मेणबत्ती सुरू झाली. टाचा खाली ठेव, आणि जा आत."