पेपर होईपर्यंत

दर्यापूरहून आत फाट्यावर उतरलं की पंजाबरावांचं गाव लागतं. लॉकडाऊनच्या पहिल्या उन्हाळ्यात कापसाची खरेदी बंद पडली आणि सगळ्यांचाच कापूस घरात अडकला. पंजाबरावांच्या पुढच्या खोलीत तो पार आढ्याला टेकला होता. कापसातल्या किड्यांनी अंगाला खाज सुटे, मानेवर लाल चट्टे उठत. त्यांची धाकटी आचल त्या ढिगाला पाठ टेकून अभ्यास करायची. अमरावतीचं वसतिगृह रिकामं झालं होतं. कृषीची पदवी हातात आली होती, आणि आता एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्यायची होती. तिला कीटकशास्त्र घ्यायचं होतं. बोंडअळीनं दोन हंगाम उभं पीक खाल्लं ते तिनं वावरात उभं राहून पाहिलं होतं.

परीक्षेची तारीख लागे आणि पुढे जाई. दर वेळी आचल पुस्तक मिटून म्हणायची, "आता मी नाही करत." आणि दर वेळी तिची आई, रुख्मिणी, पुस्तक पुन्हा उघडायची. सरावाच्या पुस्तकातले इंग्रजी प्रश्न तिला वाचता येत नसत, पण आकडे येत आणि ए-बी-सी-डी येत. आचल दिवसभर उत्तरं वहीत लिहून ठेवायची आणि संध्याकाळी भाकरी झाल्या की रुख्मिणी पुस्तकातली मागची उत्तरं उघडून बसायची.

"सत्तावीस?"

"बी."

"चूक. डी हाय."

"नीट पाय ना व माय!"

"पाह्यलं. डी म्हणजे डी."

श्रावणात आचल अकोल्याला माणिकबाई मावशीकडे गेली. गावात मोबाईलला रेंज नव्हती, सराव परीक्षा मध्येच बंद पडायची. शिवाय केंद्र अकोल्यातच आलं होतं. पण संध्याकाळचा नेम मोडला नाही. तसंच दुसरं पुस्तक तिच्याकडे होतं. रुख्मिणी फाट्याच्या बाजूला, जिथे रेंज येई त्या बाभळीखाली जाऊन फोन लावायची आणि विचारायची.

भादव्यात रुख्मिणीला ताप आला. आचलचा मोठा भाऊ विपुल दर्यापूर-अमरावती काळी-पिवळी जीप चालवायचा. गाडी तेव्हा बहुतेक उभीच असे. त्यानं मागच्या सीटवर गोधडी टाकून आईला अमरावतीच्या कोविड दवाखान्यात नेलं. गेटच्या आत त्याला येऊ दिलं नाही. जाताना ती वळून म्हणाली, "आचलले सांगू नोको. पेपर होऊ दे, मंग सांगजो. नाहीतर पुस्तक टाकून इकडं येईन ते."

दवाखान्यातूनही तिनं फोन केला. उत्तरांचं पुस्तक पिशवीत नेलं होतं.

"धाप काहून लागून राहिली तुले?" आचलनं विचारलं.

"वावरातून आली ना आत्ताच. सांग, बारा?"

पंधरा-सोळा प्रश्न झाले आणि ती म्हणाली, "बाकीचे उद्या."

दुसऱ्या दिवशी तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दवाखान्याची माणसं अंगभर पांढरे कपडे घालून आली. विपुलला लांब उभं केलं. अग्नीसुद्धा त्यांच्यातल्याच एकानं दिला. विपुलनं नुसते हात जोडले. सोबत बापही नव्हता. पंजाबरावांना घरात कोंडून ठेवलं होतं आणि गावानं त्यांच्या आळीत येणं बंद केलं होतं. स्मशानाबाहेर एक न्हावी बसला होता. विपुलनं डोक्याचं मुंडण केलं, मिशी काढली, आणि दवाखान्यातून मिळालेली आईची पिशवी घेऊन घरी आला.

पंजाबराव ओट्यावर होते. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.  मग म्हणाले, "आचलले फोन लाव."

"बाबा, तीन दिवसांवर पेपर हाय."

"मंग?"

"माय म्हणली होती, पेपर होईपर्यंत सांगू नोको."

"ते आजाराचं म्हणली असन, बापू."

 एवढी वर्षं आचल रडत-भांडत शिकली होती, आणि ते सगळं त्या एका पेपरपाशी येऊन थांबलं होतं. तो वाया जाऊ द्यायचा नाही, एवढंच त्याला सुचत होतं. पंजाबरावांनी उपरणं तोंडावर घेतलं आणि म्हणाले, "तुले वाटते तसं कर. मले नाही सुचत."

माणिकबाईला मात्र सांगावं लागलं. तिची सख्खी बहीण गेली होती. ती न्हाणीत गेली, नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आल्यावर आचलनं विचारलं, "डोये काहून लाल झाले मावशी?"

"साबण गेला," माणिकबाई म्हणाली आणि पोहे करायला घेतले.

त्या संध्याकाळी आचलचाच फोन आला. विपुल बाभळीखाली बसला होता.

"मायले दे. काल तिचा फोन नाही आला."

"तिचा घसा बसला. बोलू नोको म्हणलं डॉक्टरनं."

"मंग व्हिडिओ लाव. पाहू दे तरी."

"रेंज नाही."

"बरं, तूच इचार मंग. पुस्तक घे."

पुस्तक आईच्या पिशवीत होतं. त्यानं ते काढलं. जिथपर्यंत आईनं विचारलं होतं तिथे पानाचा कोपरा दुमडलेला होता. तिथून पुढे त्यानं विचारायला सुरुवात केली.  आचल भराभर उत्तरं देत होती. मध्येच ती हसली.

"दादा, तू तं मायपेक्षा बरा इचारतं. ते मध्येच वांग्याचं सांगत बसते."

"हो," विपुल म्हणाला. "अठ्ठेचाळीस?"

पेपरपर्यंत रोज हेच झालं.

परीक्षेच्या दिवशी विपुल काळी-पिवळी घेऊन अकोल्याला गेला. डोक्याला दुपट्टा, तोंडाला मास्क. केंद्राबाहेर तशीच तोंडं बांधलेली माणसं उभी होती. त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. पोरं बाहेर येऊ लागली. आचलनं त्याला लांबूनच ओळखलं आणि धावत आली.

"मस्त गेला दादा! बोंडअळीवर तीन प्रश्न होते, तिन्ही आले. मायले फोन लाव ना. आता तं बोलत असन ते."

विपुल गाडीला टेकून उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं वाटेत जुळवलं होतं.  पण त्यानं नुसता मास्क खाली ओढला.

आचल बोलता बोलता थांबली. तिनं त्याच्या ओठावर पाहिलं, जिथे मिशी नव्हती. मग हात वर करून दुपट्टा मागे सारला.

"कोण?" ती म्हणाली. "बाबा?"

त्यानं नाही अशी मान हलवली.

ती तिथेच, गाडीच्या चाकापाशी खाली बसली. प्रवेशपत्र हातातून पडलं. कुणीतरी पोरगी पाण्याची बाटली घेऊन पुढे आली, पण जवळ न येता लांबच ठेवून गेली.

गाडी दर्यापूरच्या अलीकडे आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडलं होतं. मग तिनं विचारलं, "कधी?"

विपुलनं सांगितलं.

"म्हणजे त्या दिवशी मी तुह्यासंग हसली."

"आचल, माय म्हणली होती की पेपर होईपर्यंत..."

"मायनं आजार लपवाले सांगतला होता. मरण लपव म्हणली काय?"

"तू पेपर सोडला असता."

"सोडला असता. नाहीतर रडत रडत दिला असता. पण ते माह्यं मले ठरवू द्याचं होतं, दादा. माही माय गेली आन् मी मावशीकडे बसून पोहे खाल्ले."

घरी पंजाबराव दारात उभे होते. ती त्यांच्या गळ्यात पडून ओरडून रडली. आळीतल्या बायका आपापल्या दारातून पाहत रडत होत्या. विपुल गाडीतच बसून राहिला.

निकाल लागला. अकोल्यालाच कीटकशास्त्राला नंबर लागला. पंजाबरावांनी फोटोपुढे साखर ठेवली, बाकी कुणाला सांगितलं नाही. कॉलेज उघडल्यावर विपुलनंच तिला सोडलं. पुढची सीट रिकामी असताना ती मागे सामानात बसली. तो वसतिगृहाच्या पायऱ्यांपर्यंत पेटी घेऊन आला. ती म्हणाली, "जाय आता. बाबा एकटे हायेत."

गावात आता टॉवर लागला होता, घरातही रेंज येई. ती रोज फोन करायची, वडिलांना. विपुलनं उचलला तर म्हणायची, "बाबाले दे." तो म्हणायचा, "बरे हायेत." ती म्हणायची, "तू सांगू नोको. त्यायले दे." तो फोन द्यायचा आणि अंगणात जाऊन उभा राहायचा.

हिवाळ्यात पंजाबरावांना ताप आला. थर्मामीटर हातात असतानाच विपुलनं अकोल्याला फोन लावला. पहिल्या बसनं आचल आली. साधाच ताप होता. दोन दिवसांत उतरला. निघायच्या सकाळी ती चुलीपुढे बसली होती. विपुल दारात घोटाळला.

"माय असती तर काय म्हणली असती? मी चुकलो का?"

आचलनं भाकर उलटली. त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मले नाही मालूम," ती म्हणाली. "तुले बी नाही."

मग तिनं त्याच्यापुढे ताट ठेवलं. त्यानं भाकर मोडली, पण घास तोंडात घालता आला नाही. बसची वेळ झाली होती. ती हात धुऊन उठली आणि वडिलांच्या पाया पडायला आत गेली.