गोटीच्या बाटलीतलं औषध

पाणी ओसरलं तसे स्केर्बी गावचे लोक वाळूत उतरले. काठी टेकत आलेले म्हातारे, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, खोकणारे, लंगडणारे. यॉर्कशायरच्या त्या किनाऱ्यावर भर हिवाळ्यात एरवी कुत्रंही फिरकत नसे. पण गेले काही रविवार गावातलं छोटं चर्च ओस पडलं होतं आणि गर्दी इथे होती.

मोडक्या लाकडी धक्क्यापाशी कॅप्टन व्हिटलॉक वाळू उकरत होता. कसला कॅप्टन, कुठल्या जहाजावरचा, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानं हिरव्या काचेची एक गोटीची बाटली वर धरली.

“शंभर वर्षं!” तो गरजला. “शंभर वर्षं समुद्रानं यात श्वास कोंडून ठेवलाय. कान देऊन ऐका!”

त्यानं अंगठ्यानं गोटी आत दाबली. फुस्स! बायकांनी छातीवर हात ठेवले. मग घोट घोट पाणी वाटलं गेलं आणि मागोमाग पैशांसाठी बिस्किटांचा रिकामा डबा फिरला, ज्याच्या त्याच्या खुशीनं.

हिल्डा गारबट मागे उभी होती. जन्मभर तिनं इथल्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवलं होतं. पुढे माना उंचावणारे निम्मे लोक तिचेच विद्यार्थी. हे ‘फुस्स’ तिनं त्यांना वर्गात करून दाखवलं होतं. तिला राग यायला हवा होता. आला तो नुसता थकवा.

जुन्या बाटल्या तिलाही सापडत. कड्यावरचा गावाचा जुना उकिरडा ढासळून समुद्रात जातो, लाटा तो परत आणून टाकतात. त्यात कसली जादू! पण तिला मिळालेल्या बाटल्या वाळूनं भरलेल्या असत आणि तोंडातल्या रबराचा भुगा झालेला असे. आज हातोहात फिरलेल्या कॅप्टनच्या बाटलीतलं रबर काळंभोर आणि नवं होतं. ती घरी जाऊन गप्प बसलीही असती, पण त्या संध्याकाळी धाकट्या बहिणीनं, डोरीननं, मोजे काढले. पावलं टम्म सुजली होती.

“हृदयाच्या गोळ्या घेतेस ना?”

“बंद केल्या,” डोरीन धापा टाकत म्हणाली. “कॅप्टन म्हणतात, समुद्र आणि कारखाना एका पोटात नांदत नाहीत.”

“आणि तुला ते पटलं?”

“तू सगळ्यातच खोट काढतेस, हिल्डा. मला बरं वाटतंय.”

दुसऱ्या दिवशी हिल्डानं तिला डॉक्टरकडे नेण्याचा हट्ट धरला. डोरीननं दार लावून घेतलं. पुढे आठवडाभर ती खुर्चीत बसूनच झोपायची. आडवं झालं की श्वास लागे.

रविवारी ओहोटी लागताच, कुणी यायच्या आत, हिल्डा धक्क्यापाशी गेली. एका जागी वाळू नुकतीच भुसभुशीत केलेली दिसली. तिथेच, वरच्या थरात, तिनं आपली बाटली पुरली.

लोक जमले. कॅप्टननं हात घातला आणि बाटली वर आली, पारदर्शक काचेची, आत लालभडक पाणी. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. हिल्डानं ते पाहिलं. मग त्याला कंठ फुटला.

“समुद्राचं रक्त! आजवर कुणाच्या नशिबी आलं नव्हतं! दुखऱ्या हृदयाचं औषध! डोरीनबाई, पुढे या!”

डोरीन रडत पुढे झाली.

“पिऊ नकोस,” हिल्डा म्हणाली. “बिटाचा रस आहे. मी सकाळी भरलाय.”

“दुष्ट संशय!” कॅप्टन ओरडला.

हिल्डानं पिशवीतून दुसरी बाटली काढली. नवं रबर बसवलेलं सगळ्यांना दाखवलं. बिटाचं पाणी, त्यात व्हिनेगर, मग चमचाभर खाण्याचा सोडा. बाटली झटकन उलटी केली. फेस उसळला, गोटी तोंडाशी घसरली, वायूनं ती रबरावर घट्ट दाबून धरली. हिल्डानं बाटली सुलटी केली. थेंबही सांडला नाही. मग तिनं गोटी दाबली.

फुस्स!

“आता इथे अजून खणा,” ती म्हणाली. “यांची आजची बाटली खालीच असेल.”

एका कोळ्यानं खणलं. होती. लोक वळेपर्यंत कॅप्टन डबा काखोटीला मारून बसथांब्याकडे निघाला होता. दोघेतिघे मागे धावले. बाकीचे मान खाली घालून उभे राहिले.

“काय मिळवलंत, बाई?” पाववाली मिसेस रड चिडून म्हणाली. “माणसांना जरा आशा होती.”

“आशा ठेवा ना,” हिल्डा थकून म्हणाली. “मी कुठे नको म्हणते? पण बाटली कुणी भरली, कुणी पुरली, रबर नवं कसं, एवढं तरी विचारा. विचारल्यानं खरं औषध खोटं पडत नाही. खोटं तेवढं पळून जातं. माझी बहीण आठवडाभर बसून झोपलीये, मिसेस रड.”

मिसेस रडनं डोरीनच्या सुजलेल्या पावलांकडे पाहिलं.

डोरीन ओल्या वाळूतच बसली होती. “पहिला घोट घेतला त्या दिवशी खरंच बरं वाटलं होतं गं,” ती म्हणाली.

“वाटलं असेल. तेव्हा इतक्या लोकांनी तुझा हात धरला होता. ते खोटं नव्हतं.”

डोरीननं डोळे पुसले. मग तिनं हात पुढे केला, उठायला.

“आज रविवार. डॉक्टर भेटेल का गं?”

“घरी असेल,” हिल्डा म्हणाली. “चल, दार ठोठावू.”