सावली खात्याचा प्रमुख

सावर्ड्याच्या स्टॉलवर 'ताऱ्यांचे पहारेकरी' या अंतराळकथांच्या मालिकेचं नवं पुस्तक आलं की शालन शाळेत शिकवून परतताना ते घेऊन यायची. सासरे रामजी मुंबईच्या गिरणीतून निवृत्त होऊन गावी आलेले. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नसे. पडवीत बसून ती वाचायची, ते ऐकायचे, मग दोघांचे वाद रंगायचे. मालिकेत सरकारचं एक गुप्त खातं होतं, सावली खातं. त्याचा प्रमुख कोण, हे लेखक काही केल्या सांगत नव्हता.

"यानावरचा आचारीच असणार," शालन एकदा म्हणाली. "सगळ्यांचं बोलणं त्याच्या कानावर पडतं. खात्याची माणसं अशीच साधी दिसतात, मामा."

रामजींच्या मनात ते घर करून बसलं. दिवाळीनंतर रेल्वेच्या पाहणीसाठी काही माणसं गावावरच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, तंबू ठोकून राहिली, तेव्हा त्यांनी पडवीत बसणं सोडलं.

"ती रेल्वेची नायत गो," ते कुजबुजले. "आपलं बोलणं कुणीतरी ऐकलान."

शालन हसली. ते हसले नाहीत. दिवसाही दाराला कडी लागू लागली. दूध घालायला सखू आली की ते बोलायचे थांबत.

एका संध्याकाळी शालन घरी आली तर दार सताड उघडं. ती धावतच सड्यावर गेली. तंबूत रामजी स्टुलावर ताठ बसले होते. समोर तिथला आचारी चहाचा पेला धरून अवघडून उभा होता.

"तुमचा प्रमुख कोण, एवढंच विचारतायत," पाहणीवरचा साहेब शालनला म्हणाला. "चहाला हातही लावत नाहीत."

परतताना उतारावर शालनने रामजींचा हात धरला. "मामा, मी ते गमतीत बोलले हो. असलं खातं कुठंच नाही."

ते थांबले. "तुला असं सांगायला कुणी सांगितलान?"

 तिने त्यांना घरी आणलं.

चिपळूणच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. तंबू उठले, तशी कडी लावणं कमी झालं. नवं पुस्तक शालनने आधी एकटीनं वाचलं आणि मग त्यांच्यापुढं वाचताना खात्याची पानं गाळली.

बराच वेळ ऐकून रामजी म्हणाले, "सावली खातं कुठं गेलं?"

"बंद केलं सरकारनं."

"आणि त्यातली माणसं?"

शालनने पुढचं पान उलटलं.