निकाल बाईंचा, चूक माझी

मी वृंदाबाईंच्या हातातला कंट्रोलर बोलतोय. हो, व्हिडिओ गेम खेळतात तोच. दोन अंगठ्यांखाली दोन स्टिक, भोवती बटणं, आणि पोटात एक छोटीशी मोटर. पडद्यावर काही आदळलं की मी थरथरतो. एवढीच माझी वाचा.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते मला माहीत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो पनवेलच्या एका दुकानात. साठीच्या एक बाई मला उलटंपालटं करून बघत होत्या. दुकानदाराने विचारलं, "नातवाला द्यायचाय का?"

"मला नातू नाही. आणि असता तर त्याला वेगळा घेतला असता. हा माझा आहे," बाई म्हणाल्या.

तेव्हाच माझी छाती फुगली.

वृंदाबाई पेणच्या एका शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सकाळी दहा ते बारा, आणि चहानंतर एक तास, असं त्यांचं खेळायचं वेळापत्रक. शाळेच्या घंटेसारखं पक्कं. रोह्याच्या भाचीने, तनयाने, त्यांना यूट्यूबवर चॅनल उघडून दिलं होतं. तिथे दर एकतीस डिसेंबरला सकाळी अकरा वाजता बाई वर्षभरातल्या खेळांचा निकाल लावायच्या. शंभरपैकी गुण, आणि प्रत्येक कापलेल्या गुणाचं कारण. नाशिकपासून सावंतवाडीपर्यंतची पोरं तो निकाल बघायची. बाईंनी पास केलेला खेळ डोळे झाकून घ्यावा, असं म्हणायची.

आणि तो प्रत्येक खेळ माझ्यावर खेळला गेलेला असायचा. मला गर्व वाटू नये तर काय!

गेल्या वर्षी पहिला आला तो दीपगृहाचा खेळ. एक म्हातारी रोज दिवा लावते आणि येणाऱ्या बोटींची पत्रं वाचते, बस एवढंच त्यात. शेवटचं पत्र वाचताना बाईंचे अंगठे माझ्यावर तसेच राहिले, कितीतरी वेळ. ब्याण्णव गुण. बर्फातली मालगाडी चालवायचा खेळही त्यांना फार आवडला. त्यात चढावर गाडी दमली की मी गुरगुरायचो, आणि बाई म्हणायच्या, "चल रे राजा, थोडंच राहिलंय."

निराशाही झाल्या. तलवारीचा एक मोठा, गाजावाजा केलेला खेळ होता. त्यात घोडा पळवून पळवून माझी बटणं झिजली, पण भेटेल तो माणूस एकच वाक्य बोलायचा. "एवढा मोठा वर्ग आणि एकाचाही गृहपाठ नाही," बाईंनी शेरा मारला. शेतीच्या एका खेळात भात पेरला की थेट कापायचा. "आणि लावणी कोण करणार?" असं म्हणत त्यांनी तिथल्या तिथे पस्तीसच्या खाली आणला.

डिसेंबरात शेवटचा खेळ आला, 'खाचर' नावाचा. तो बनवला होता ऋत्विकने. बाईंचा जुना विद्यार्थी, पेणजवळच्या जोहे या गणपती घडवणाऱ्या गावचा. डोलवीच्या कंपनीत ठेक्यावर शिफ्ट करत होता, ती सोडून दीड वर्ष घरी बसून त्याने एकट्याने तो खेळ उभा केला होता. त्यात एक मुलगी डोक्यावर गणपतीची मूर्ती घेऊन कारखान्यातून निघते आणि भाताच्या खाचरांमधल्या अरुंद बांधांवरून चालत रस्त्यावरच्या टेम्पोपर्यंत पोचते. बांधावरून पाय घसरला की मूर्ती चिखलात.

बाई केवढ्या आनंदाने खेळायला बसल्या! पण मुलगी सारखी पडायची. तिसऱ्या बांधावर पडली, चौथ्यावर पडली. अकरा दिवस बाई खेळल्या आणि एकदाही मूर्ती टेम्पोत चढली नाही.

आता कबूल करतो. दोष माझा होता. दिवाळीपासून माझी डावी स्टिक झिजली होती. कुणी हात लावला नाही तरी ती केसभर डावीकडे ओढायची. मोठ्या मैदानात घोडा पळवताना ते कुणाला कळतंय? पण वीतभर रुंदीच्या बांधावर तेवढंच पुरेसं होतं. मी थरथरून सांगू बघायचो. बाईंना वाटायचं, मुलगी पडली म्हणून थरथरतोय.

निकालाच्या आदल्या दिवशी बाईंनी ऋत्विकच्या नावापुढचा आकडा तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. मग स्वतःशीच म्हणाल्या, "ओळखीचा आहे म्हणून गुण वाढवले, तर बाकीच्यांचे गुण खोटे ठरतात." आणि एकतीस तारखेला त्यांनी सगळ्यांसमोर वाचलं, "खाचर. एकोणतीस. पात्र बांधावर टिकत नाही. अनुत्तीर्ण."

त्यांचा आवाज ठाम होता. हात मात्र गार पडले होते. ते मला कळलं, कारण मी त्याच हातांत होतो.

पाच-सहा दिवसांनी दारात एक बाई उभ्या राहिल्या. हातात वालाच्या शेंगांची पिशवी. ऋत्विकची आई, रंभाबाई. जोह्याच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखण्याचं काम त्या करतात. ऋत्विकला न सांगता बसने पेणला आल्या होत्या.

"बाई, मार्क वाढवा म्हनून नाय आले," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "पोरगा परत कंपनीत जातो म्हनतोय. ठेकेदाराला फोन लावलान. जाऊ दे, कामाला लाज नाय. पन चुकला कुठं ते तरी मला दाखवा. त्याला इचारलं तर बोलत नाय."

वृंदाबाईंनी रंभाबाईंना शेजारी बसवलं आणि मला हातात घेतलं. "हे बघा. ही मुलगी निघाली. इथपर्यंत ठीक. आता बघा हं... पडली."

"पुन्ना दाखवा."

पुन्हा मुलगी निघाली, पुन्हा पडली. रंभाबाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या बाईंच्या अंगठ्याकडे बघत होत्या.

"असं काय बघताय?"

"माझी सवय हाय बाई. डोळं आखताना हात तसूभर हलला की देवाची नजर फिरते. म्हनून मी नव्या पोरींना शिकवताना मूर्तीकडं नाय, हाताकडं बघते." त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "तुमचं बोट वर होतं बाई. तरी ती पोर चालली."

"काय?"

"व्हय. तुम्ही त्याला खाली ठेवा बघू."

बाईंनी मला टेबलावर ठेवलं. कुणाचाच हात माझ्यावर नव्हता. पडद्यावर ती मुलगी मूर्ती घेऊन बांधावर उभी होती. मग ती हळूहळू, आपसूक, डावीकडे सरकली आणि चिखलात गेली.

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. एवढी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती, आणि एवढं हलकंही.

"अरे देवा," वृंदाबाई म्हणाल्या. "पेपर मी चुकीच्या चष्म्याने तपासला."

दुसऱ्या दिवशी त्या पेणहून गाडीने रोह्याला गेल्या. मीही पिशवीत होतो. तनयाच्या कंट्रोलरवर त्यांनी 'खाचर' पहिल्यापासून खेळायला घेतला. मुलगी बांधावर अशी चालली, जशी जोह्याची पोर चालेल. दुपारी मूर्ती टेम्पोत चढली तेव्हा बाईंनी टाळी वाजवली. मग दिवाळीनंतरचे बाकीचे खेळही त्यांनी तपासून पाहिले. भाताची लावणी विसरलेला खेळ माझ्याशिवायही नापासच झाला, हे मी नमूद करतो.

"आत्या, गुपचूप आकडा बदलून टाक ना. कोण बघतंय?" तनया म्हणाली.

"चूक सगळ्यांसमोर केली. दुरुस्ती कोपऱ्यात करू?"

चौतीस वर्षांत बाईंवर स्वतःची फेरतपासणी करायची वेळ आली नव्हती. ती त्यांनी रोह्याच्या त्या खोलीत, कॅमेऱ्यासमोर ताठ बसून केली. मला उचलून दाखवलं, टेबलावर ठेवलं, मुलगी कशी आपोआप पडते ते दाखवलं. "चूक माझी. साधन न तपासता मी उत्तरपत्रिका तपासली. आणि ही चूक शोधली जोह्याच्या रंभाबाईंनी. 'खाचर'ला अडुसष्ट गुण. प्रथम श्रेणी. विशेष प्रावीण्य नाही, कारण टेम्पोनंतरचा भाग रेंगाळतो."

संध्याकाळी ऋत्विकचा फोन आला. "बाई... अडुसष्ट?"

"कमी वाटले?"

"नाय बाई. तो टेम्पोचा भाग मलाही आवडत नव्हता. आतापर्यंत कुनी सांगितलंच नाय." मग तो म्हणाला, "तो बिघडलेला कंट्रोलर टाकू नका. मला द्या."

"दुरुस्त करणार?"

"दुरुस्त नाय करायचा. अर्ध्या पोरांकडं असलेच झिजलेले, जुने घेतलेले कंट्रोलर असतात. त्यांच्या हातात माझी मुलगी पडत असेल, तर चूक माझीपन हाय. ह्याच्यावर ती उभी राहिली पाहिजे."

बाईंनी मला स्वतः जोह्याला नेऊन दिलं. देताना माझ्या डाव्या स्टिकवरून एकदा अंगठा फिरवला.

आता मी ऋत्विकच्या टेबलावर असतो. ठेकेदाराला त्याने 'नाय' कळवलं आहे, निदान या वर्षापुरतं. त्याने खेळात अशी सोय केली आहे की माझी केसभर ओढ मोजलीच जात नाही. तो जे काही नवं करतो, ते आधी माझ्यावर चालवून बघतो. चांगले, नवेकोरे कंट्रोलर माझ्यामागे रांगेत.

एकच विनंती. तुमच्या पडद्यावरचं कुणी आपोआप चालू लागलं, तर खेळाला शिव्या घालण्याआधी अंगठा उचलून बघा.

थांबा, रंभाबाई हात धुऊन आल्या. कालपासून त्यांनी मला हातात घ्यायला सुरुवात केली आहे. रंगाचा वास येतो त्यांच्या बोटांना, आणि काय स्थिर अंगठा! तीन बांध झाले. चौथा झाला.

"पोचली गो बाय, पोचली!" त्या ओरडल्या, आणि मी त्यांच्या हातात थरथरलो.